पट्टा न लावता

बर्फावरच्या रस्त्याचा नियम, हेल्वे,
तुझ्या वडलांनी मलाही शिकवला होता:
गाडीत पट्टा लावायचा नाही.
बर्फ फुटलाच तर दार ढकलून बाहेर पडता आलं पाहिजे.
आणि वेग पंचवीसच्या आत, नाहीतर चाळीसच्या वर.
मधल्या वेगानं बर्फाखाली लाट उठते,
मधल्या वेगानंच माणसं बुडतात.

तू कंपनी काढलीस तीही याच नियमानं,
असं लोक आता भाषणांत म्हणतात.
खोटं आहे. जमाखर्च मी लिहीत होते.
पहिली दोन वर्षं आपण बरोब्बर मधल्या वेगात होतो.

कार्दला गावातलं ते धुलाईघर,
मासेमारी संघाबरोबरच बंद पडलेलं.
साबणाचा वास भिंतींतून गेलाच नाही.
कोपऱ्यात नळ ठिबकायचा,
आणि टेबलावर तुझा संगणक,
तार्तूहून बटाट्याच्या पोत्यांत गुंडाळून आणलेला.
विद्यापीठातली छिद्रांची कार्डं तू जपली होतीस,
त्यांच्या पाठीवर मी पगार मांडायची:
तुझा शून्य.
माझा आठशे क्रून, तोही पुढच्या महिन्यात.

वडील पहाटे बर्फाला भोक पाडत,
खाचांच्या काठीनं जाडी मोजत.
तू काठीची तार केलीस,
तारेतून आकडा, आकड्याचा निरोप,
सकाळी सहाला फोन, तुझ्याच आवाजातली टेप:
"बावीस सेंटिमीटर. रस्ता चालू."
अकरा वर्गणीदार. दूधगाडीचा ऊनो, पोस्ट,
सुईण माल्ले,
आणि आठजण, ज्यांना नुसतंच कुतूहल होतं.

टाल्लिनच्या बँकेत साहेबानं विचारलं,
सहीला यजमान कधी येतील?
तू म्हणालीस, येणार नाहीत, मीच जा म्हटलं त्यांना.
कर्ज मिळालं नाही. वडलांची होडी विकली.
पावती करताना ते एवढंच बोलले:
"वल्ही वेगळी लिही. वल्ही मी केलेली आहेत."

आणि मग समुद्र गोठेचना.
एक हिवाळा, दुसरा, तिसरा.
बर्फ मोजणारी कंपनी, आणि बर्फाचा पत्ता नाही.
दुकानात हसायचे, हेल्वे आता वाळवंटात शाखा काढणार.
मार्चमधल्या एका रात्री तू
ऊनोच्या दुधाच्या टाकीत तार सोडलीस,
म्हणालीस, थंडी ती थंडी, कुणाची का असेना.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.
लसींच्या पेट्या, रक्तपेढ्या, सात देश,
मासिकाच्या मुखपृष्ठावर तू,
केस आयुष्यात पहिल्यांदा नीट बसलेले.

ठाऊक नाही ते माझ्या वहीत आहे.
तनिसला कामावरून काढलंस त्या दिवशी
नळ पूर्ण सोडून आत बसलीस.
त्या महिन्यात पाण्याचं बिल दुप्पट आलं,
मी भरलं, विचारलं नाही.
भागीदारी देईन, असं मला दोनदा म्हणालीस.
तिसऱ्यांदा तोंड उघडणं मला जमलं नाही,
तुला आठवणं जमलं नाही.
हेही लिहून ठेवते, हिशेब म्हणजे हिशेब.

आज स्टॉकहोमची माणसं आली, कंपनी घ्यायला.
त्यांचा तरुण तपासनीस एका ओळीवर अडला:
डिसेंबर ते मार्च, रोज सकाळी सहाला,
अकरा क्रमांकांना फोन.
नऊ क्रमांक केव्हाच बंद.
दहावा तुझ्या वडलांचा, आता रिकाम्या घरात वाजणारा.
मजकूर: "बर्फ नाही. रस्ता बंद."
हा खर्च कशापोटी?

तू खिडकीकडे पाहिलंस, मी वहीकडे.
"किरकोळ," मी म्हणाले.
त्यानं ते लिहून घेतलं.
अकरावा क्रमांक कुणाचा, ते त्यानं विचारलं नाही.
मी अजून सहाला उठते.

परतताना पक्की सडक, कोरडी, वेग सत्तर.
तुझा पट्टा खांद्यामागं तसाच लोंबत होता.
मी माझा लावला.